तुमचं पत्र, ताईचं उत्तर: डोंगरावरच्या पंख्यांचे लाल दिवे

मागच्या वेळी बिल्डिंगवरच्या लाइटनिंग अरेस्टरबद्दल, म्हणजे वीज पडली तर ती झेलणाऱ्या खांबाबद्दल, लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की टॉवरवरचे लाल दिवे हा वेगळा विषय आहे, कधीतरी बोलू. ती ओळ मला महागात पडली. पत्रं आली ती सगळी त्याच दिव्यांवर. त्यातली तीन घेतलीत. एक आधीच कबूल करते, माझं पोटच या दिव्यांवर चालतं, नाशिकमध्ये उंच बिल्डिंगी आणि कारखान्यांच्या चिमण्यांवर मी ते बसवते आणि दुरुस्तही करते, त्यामुळे दिवे काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही हे धरूनच पुढचं वाचा.

प्रश्न: ताई नमस्कार. आमची वस्ती डोंगराच्या सोंडेवर आहे, नाशिकपासून गाडीने दीडेक तास. समोरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, गावात सगळे पंखेच म्हणतात. दिवसा काही म्हणणं नाही, आवाजाचीही सवय झाली, पण रात्री त्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे लुकलुकतात ते सहन होत नाही. एक आत्ता पेटतो, दुसरा मागाहून, तिसऱ्याचं भलतंच काहीतरी, बघत राहिलं की डोकं गरगरतं. त्यात कडेच्या पंख्यावर एक पांढरा आहे, तो तर वीज चमकावी तसा, पडवीच्या चुन्याच्या भिंतीवर त्याची उघडझाप दिसते. आई पंचाहत्तरची आहे, तिने खाट उचलून आत नेली, उन्हाळ्यातसुद्धा आत झोपते. साईटवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला विमानाचा नियम आहे दादा, त्यात काहीच करता येत नाही. खरंच काहीच करता येत नाही का? पुतण्या म्हणतो बेचकीने फोडू, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.
— एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे पुतण्याला बेचकी खाली ठेवायला सांगा. एकतर दगड तिथवर पोचायचा नाही, आणि पोचला तर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.

साईटवरचा माणूस अर्धं खरं बोलला. नियम आहे आणि तो उगाच नाही. आपल्या जिल्ह्याच्या आभाळात ओझरची विमानं आहेत, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांचं ट्रेनिंग चालतं, आणि हेलिकॉप्टर खालून उडतं. अंधारात पठाराच्या कडेला उभा असलेला शंभर मीटरचा खांब आणि त्याच्यावर फिरणारी पाती, हे पायलटला दिसायलाच हवं. उरलेलं अर्धं मात्र, की काहीच करता येत नाही, ते चूक आहे. दिवा हवा एवढंच नियम म्हणत नाही, कुठे हवा, केवढा हवा, कसा लुकलुकायला हवा हेही त्यात असतं आणि तुमच्या पत्रातलं वर्णन वाचून मला तरी वाटतं की तुमच्यासमोर नियम जेवढा मागतो त्यापेक्षा जास्तच पेटतंय.

पांढऱ्यापासून सुरू करते कारण तो सगळ्यात सोपा. पांढरे फ्लॅश मारणारे जे मध्यम ताकदीचे दिवे असतात त्यांना दोन मोड असतात. दिवसा आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशात वीस हजार कॅन्डेला, आणि रात्री दोन हजार. कॅन्डेला म्हणजे ढोबळ मानाने एक मेणबत्ती धरा. म्हणजे रात्र झाली की त्याने स्वतःहून दहाव्या भागावर यायचं असतं, आणि ते काम एक छोटा लाइट सेन्सर करतो, बटाट्याएवढा असतो, आभाळ बघत बसलेला. तो सेन्सर बिघडला, त्याच्या काचेवर पक्ष्याची घाण बसली, किंवा कुणी बसवतानाच त्याच्या तोंडासमोर दुसरा दिवा येईल असा बसवला, की त्याला रात्र झालेली कळतच नाही. मी स्वतः एका चिमणीवर हे पाहिलंय, कंपनीचं नाव नाही सांगत, तिथे सेन्सरचं तोंड बरोबर मागच्या हॅलोजनकडे होतं. हॅलोजन संध्याकाळी सातला लागायचा आणि सेन्सरच्या हिशोबात सूर्य उगवायचा. शेजारच्या मळ्यातले लोक दोन वर्षं शिव्या देत होते, आणि काम निघालं किती तर क्लॅम्प सैल करून सेन्सर उत्तरेकडे वळवायचा आणि पुन्हा आवळायचा. उत्तरेकडे अशासाठी की त्या बाजूने थेट ऊन फारसं येत नाही, नुसतं आभाळ कळतं. तेव्हा तुमच्या भिंतीवर ज्याची उघडझाप दिसते तो पांढरा माझ्या मते दिवसाच्या मोडमध्ये अडकलाय. खात्री करायची तर एकदा संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ काढा, एकदा रात्री अकराला, त्याच जागेवरून, आणि मोबाइलची उजेड आपोआप कमीजास्त करणारी ऑटो सेटिंग बंद करून. रात्री ताकद पडली नसेल तर व्हिडिओतच कळेल.

आता ते एकाआड एक लुकलुकणं. हे सुद्धा नियमात बसत नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना जी आहे, जिच्या नियमांवर आपल्या डीजीसीएचे, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम बेतलेत, ती स्पष्ट म्हणते की एका विंड फार्मवरचे, म्हणजे पंख्यांच्या एका समूहावरचे, लुकलुकणारे दिवे सगळे एकदम पेटले आणि एकदम विझले पाहिजेत. कारण तुमच्या सोयीचं नाहीये, पायलटच्या सोयीचं आहे, त्याला हा सगळा एकच अडथळा आहे हे एका नजरेत कळायला हवं. पण फायदा तुम्हालाही होतो. एकदम उघडझाप झाली की डोळा तिला सरावतो, विसरतो, आणि कुठूनही काहीही चमकलं की मेंदू दर वेळी तिकडे वळतो, तुमचं डोकं गरगरतं ते त्यामुळे. दिवे एका तालात ठेवायला आत जीपीएसवरून वेळ घेणारं सर्किट असतं, त्याचा अँटेना गेला किंवा नवीन दिवा दुसऱ्या कंपनीचा आणून बसवला की ताल सुटतो. दिवा मिनिटाला किती वेळा पेटतो ते मोजा, वीस ते साठच्या मध्ये असायला हवा. एखादी टिक मधेच गायब झाल्यासारखी वाटली तर घाबरू नका, ते पातं दिव्याच्या आडून जातं तेव्हा होतं. म्हणूनच मोठ्या पंख्यांच्या डोक्यावर, ते ज्याला नॅसेल म्हणतात त्याच्यावर, बऱ्याचदा दोन दिवे असतात, एक झाकला तरी दुसरा दिसावा म्हणून.

अजून एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, प्रत्येक पंख्यावर दिवा लागतोच असं नाही. नियमाचा हेतू फार्मची कड दाखवण्याचा आहे. मध्यम ताकदीचे दिवे असतील तर कडेने जास्तीत जास्त नऊशे मीटरच्या अंतराने दिवे, आणि मधला एखादा पंखा बाकीच्यांपेक्षा बराच उंच असेल तर त्याच्यावर. मधल्या घोळक्यातल्यांना गरज पडतेच असं नाही. पण काय होतं ना, पंखे टप्प्याटप्प्याने बसतात, आज इथे दहा, तीन वर्षांनी पुढे अजून वीस, प्रत्येक टप्प्याची कड वेगळी, आणि नंतर सगळे मिळून एक झाले तरी जुन्या कडेचे दिवे काढायचे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि काढून कुणाचं काही वाचणारही नसतं म्हणून कोणी लक्षात ठेवतही नाही.

आणि तुम्हालाच एवढा त्रास का, खाली ओढ्याकाठच्या वाडीला का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मला तेच जास्त इंटरेस्टिंग वाटलं. हा दिवा भांड्यातल्या तुपासारखा सगळीकडे सारखा पसरत नाही, त्याचा उजेड आडव्या पट्ट्यात जातो, विमान जिथून येणार तिकडे. आडव्या रेषेच्या दहा अंश खाली जास्तीत जास्त तीन टक्के उजेड जावा अशी शिफारस आहे. हिशोब करा, ऐंशी मीटर वरचा दिवा, त्याच पातळीवर अर्ध्या किलोमीटरवर उभ्या माणसाला नऊ अंशाच्या कोनात दिसतो, म्हणजे पट्ट्याच्या जवळजवळ बाहेर. पाच किलोमीटरवरच्या माणसाला एक अंशाच्याही आत, म्हणजे जवळपास समोरासमोर. त्यामुळे पायथ्याच्या वाडीला दिवा फारसा कळत नाही आणि लांबच्याला टोचतो. आणि तुम्ही तर समोरच्या सोंडेवर, म्हणजे दिव्याच्या उंचीलाच बसलाय! तुमची पडवी त्याच्या दृष्टीने विमानच आहे. यावर उपाय थोडाच आहे, पण एक तपासून घेता येतं, दिवा लेव्हलमध्ये आहे का. डोक्यावरचा वारा आणि थरथर याने ब्रॅकेट कलतं, दोनतीन अंश कललं तरी पट्टा एका बाजूने आभाळात आणि दुसऱ्या बाजूने कुणाच्या तरी अंगणात.

आता मोठे उपाय, जे इकडे फारसे दिसत नाहीत पण व्हायला हवेत. जर्मनीत पंख्यावर दृश्यमानता मोजायचं यंत्र बसवतात, हवा स्वच्छ असेल आणि पाच किलोमीटरच्या पुढचं दिसत असेल तर दिवा तीस टक्क्यांवर, दहा किलोमीटरच्या पुढचं दिसत असेल तर दहा टक्क्यांवर. मला ही आयडिया आपल्या घाटमाथ्यासाठी फार पटते. पावसाळ्यात आपल्याकडे ढग खांबावर टेकतात, तेव्हा पूर्ण ताकद हवीच, आणि तेव्हा तुम्ही अंगणात झोपतही नाही. दिवाळीपासून वैशाखापर्यंत आभाळ कोरडं, दहा किलोमीटर सहज दिसतं, नेमकं तेव्हाच तुम्हाला खाट बाहेर टाकायची असते. दहा टक्के म्हणजे केवढं? आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा व्याध, त्याचा उजेड दहाव्या भागावर आणला तर तो साधारण चित्रेएवढा दिसेल. चित्रा दिसतेच की, पण झोप उडवत नाही.

त्याच्याही पुढचं म्हणजे विमान जवळ आलं तरच दिवा लागायचा. अमेरिकेत यासाठी रडार लावतात, विमान साधारण साडेपाच किलोमीटरच्या आत आणि सगळ्यात उंच पात्याच्या वर हजार फुटांच्या आत यायच्या आधीच दिवे लागले पाहिजेत, गेलं की बंद. रडार बिघडलं तर दिवे आपोआप चालू होतात आणि चालूच राहतात, उलटं होत नाही. नॉर्थ डकोटा राज्याने २०१७ मध्ये यासाठी कायदा केला, कॅन्ससने २०२३ मध्ये. जर्मनीने तारीख तीनचारदा पुढे ढकलत शेवटी २०२५ च्या सुरुवातीपासून जमिनीवरच्या मोठ्या पंख्यांना हे सक्तीचं केलं, तिथे रडारऐवजी विमानातल्या ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा, सिग्नल पकडणारा स्वस्त रिसीव्हरही चालतो. नाशिककडे मात्र मी रिसीव्हरवाल्या पद्धतीला लगेच हो म्हणणार नाही, कारण सिग्नल बंद ठेवून उडणारं लष्करी हेलिकॉप्टर त्याला दिसणारच नाही. इकडे रडारच हवं, आणि ते महाग असतं, आणि डोंगराआडचं त्यालाही दिसत नाही म्हणून एकाने भागेलच असं नाही.

मग तुम्ही करायचं काय. साईट ऑफिसला तोंडी सांगू नका, लेखी द्या, पोच घ्या. पत्रात "दिवे बंद करा" हे दोन शब्द चुकूनही लिहू नका, त्या दोन शब्दांवर तुमचा अर्ज बाद होतो. लिहा असं, की अमुक नंबरच्या पंख्यावरचा पांढरा दिवा रात्री ताकद कमी करत नाही, सेन्सर तपासावा, अमुक अमुक दिवे बाकीच्यांबरोबर एकदम लुकलुकत नाहीत, ते एका तालात आणावेत, ब्रॅकेटची लेव्हल बघावी, आणि कडेच्या आतले कुठले दिवे गरजेचे नाहीत ते कळवावं. पंख्याचा नंबर बुंध्यावर लिहिलेला असतो, दिवसा जाऊन फोटो काढून आणा. हे सगळं त्यांच्याच मेंटेनन्सचं काम आहे, नवीन परवानगी लागत नाही. एवढ्यावर हलले नाहीत तर ग्रामपंचायतीचा ठराव जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि एअरपोर्ट ॲथॉरिटी एनओसी देते त्यात दिवे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे असावेत ही अट असते, ती एनओसी माहितीच्या अधिकारात मागा. आवाजाला जसे २००० सालचे नियम आहेत तसे उजेडाला आपल्याकडे वेगळे नाहीत, म्हणून पकडायचं ते याच अटीला. आईंना खाट पुन्हा बाहेर आणायला सांगायची वेळ आली की मला कळवा.

प्रश्न: ताई, मी इंदिरानगरला राहते, आभाळाचे फोटो काढते, महिन्यातून एकदा तरी शहराबाहेर जाते. पट्टा किल्ल्यावर मुक्कामाला गेलो होतो तर फोटोत क्षितिजावर लाल ठिपक्यांची रांगच. हे दिवे लालच का? डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड लावले तर चालणार नाही का? आणि भंडारदऱ्याच्या काजव्यांना, नांदूरमधमेश्वरच्या पक्ष्यांना याचा त्रास होतो का?

उत्तर: अगं, लाल आहेत हे तुझं नशीब समज. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातल्या ज्या पेशी अंधुक तारे बघतात त्यांना लाल फारसा कळत नाही, म्हणून तर तुम्ही मंडळी टॉर्चला लाल जिलेटिन लावता. आणि निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो, लाल कमी. तोच फार्म पांढऱ्या दिव्यांचा असता तर ठिपके नाही, अख्खं क्षितिज फिकं झालं असतं.

इन्फ्रारेडचा प्रश्न चांगला विचारलास, उत्तर मात्र उलटं आहे. साधा पायलट उघड्या डोळ्यांनी बघतो, त्याला इन्फ्रारेड दिसणार नाही, म्हणजे लाल काढून इन्फ्रारेड असं होऊच शकत नाही. पण लष्करी पायलट नाइट व्हिजन गॉगल घालतो, आणि गंमत अशी की नवीन एलईडीचा लाल उजेड त्या गॉगलच्या फिल्टरमध्ये अडतो, जुन्या बल्बचा दिसायचा कारण त्यातून उष्णतेचा इन्फ्रारेडही यायचा. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २००९ मध्ये यावर पायलटांना सावधच केलं होतं. त्यामुळे आता बरेच एलईडी दिवे आत इन्फ्रारेडचे डायोडही घेऊन येतात. तुझ्या कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला असेल तर तुला ते उलट जास्तच दिसतील, तेव्हा मॉडिफाय केलेला कॅमेरा पठाराकडे नको फिरवूस.

पक्ष्यांचं म्हणशील तर रात्री स्थलांतर करणाऱ्यांना सतत जळणारा दिवा जास्त फसवतो, लुकलुकणारा कमी. मिशिगनमध्ये टॉवरवर अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, सतत जळणारे दिवे काढून नुसते लुकलुकणारे ठेवले तर पक्ष्यांचे मृत्यू निम्म्याने ते सत्तर टक्क्यांपर्यंत कमी होतात असं निघालं. म्हणजे वरच्या दादांना जो लुकलुकाट नको तोच पक्ष्यांना परवडतो. दोघांचं भलं करायचं तर एकदम लुकलुकणं, कमी ताकद आणि गरज नसताना बंद, एवढंच उरतं.

काजव्यांवर मी जास्त बोलत नाही, पण त्यांचा स्वतःचा उजेड पिवळट हिरवा, त्यात नर लुकलुकतो आणि मादी उत्तर देते, तिथे आपण जूनच्या तोंडावर शंभर गाड्यांचे हेडलाइट आणि हॉटेलांचे पांढरे फोकस घेऊन जातो आणि मग लांबच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवतो. पहिले फोकस बंद व्हायला हवेत. पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिथेही भर आधी बाहेरचे दिवे बदलून त्यांची तोंडं खाली करण्यावर होता. आपल्याकडे सिंहस्थासाठी हायमास्ट उभे राहतायत, तुझ्यासारख्यांनी त्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते आत्ताच बघून ठेवा, एकदा बसले की कोणी वळवत नाही.

प्रश्न: आमची सोसायटी गंगापूर रोडला, बारा मजली. गच्चीवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या आमच्या मेहुण्यांच्या बेडरूममध्ये जातो, ते बोलेनासे झालेत. त्या बाजूने पत्रा लावला तर चालेल का?
— सोसायटीचे एक सेक्रेटरी

उत्तर: काका, पत्रा नको, दिवा सगळीकडून दिसला पाहिजे आणि पत्र्याने नेमकी एक बाजू आंधळी होते. पण मुळात तुमचा दिवा लुकलुकतोय कशाला? बारा मजले म्हणजे साधारण चाळीस मीटर, पंचेचाळीसच्या आतल्या बिल्डिंगला कमी ताकदीचा स्थिर लाल दिवा पुरतो, दहा नाहीतर बत्तीस कॅन्डेलाचा, तो लुकलुकत नाही. तुमच्याकडे कुणीतरी भद्रकालीच्या बाजारातून चमकणारा स्वस्तातला दिवा आणून लावलाय, किंवा टॉवरसाठीचा मध्यम ताकदीचा. वायरमनला वर पाठवा, दिव्याच्या बुडाला स्टिकर असतो, त्याचा फोटो मला पाठवा. तोवर मेहुण्यांना एक जाड पडदा घेऊन द्या, सोसायटीच्या खर्चात नाही, स्वतःच्या.